मदत हवी आहे: राउटरचा आलेख ११४ एमबीपीएसच्या वर जातच नाही

धायरीफाटा

जाणकारांनो, जरा बघा.
२०० एमबीपीएसचं फायबर आहे. कंपनीच्या ओएनटीमागे (फायबर ज्यात येते तो डबा) स्वतःचा राउटर, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मुक्त सिस्टीम. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कॅक्टाय हा आलेख काढणारा प्रोग्रॅम बसवलाय, तो दर ५ मिनिटांनी एसएनएमपीने (उपकरणाकडून आकडे मागायची पद्धत) राउटरच्या वॅन, म्हणजे इंटरनेटकडच्या पोर्टचं रीडिंग घेतो. अडलंय ते असं:

स्पीड टेस्ट १९० दाखवते, पण आलेख ११४च्या वर कधीच जात नाही. मोठं डाउनलोड लावलं तर चक्क ७५वर सपाट रेघ! केबल बदलून झाली, लिंक गिगाबिटच दिसते.

गुरुवारी वीज गेली की राउटरचा लॉग कोरा होतो, आणि नव्या लॉगच्या पहिल्या नोंदींवर गेल्या महिन्याची तारीख असते.

शिवाय हिंजवडीच्या ऑफिसातून ॲडमिन पान बघायचंय. ४४३ पोर्ट उघडला तर चालेल का?

पॅकेटमोजणी

११४ आकडा वाचला आणि उलगडा झाला. केबलला उगाच बोल लावलात. कॅक्टाय ३२ बिटांचा काउंटर वाचतंय. तो ४,२९,४९,६७,२९५ बाइटपर्यंत मोजतो आणि जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यांसारखा परत शून्यावर येतो. २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अडीच कोटी बाइट, म्हणजे १७२ सेकंदांत एक फेरी पूर्ण. तुम्ही बघता ३०० सेकंदांनी. मधली अख्खी फेरी कुणाच्या हिशेबातच येत नाही. एका फेरीचे बिट भागिले ३०० सेकंद = ११४.५ एमबीपीएस, हे तुमचं छत. आणि सलग १९०ने डाउनलोड चाललं तर ३०० सेकंदांतल्या ७१२ कोटी बाइटमधून एक फेरी वजा होऊन उरतात २८३ कोटी. त्याचेच ७५.

उपाय: कॅक्टायमध्ये त्या डिव्हाइसचं एसएनएमपी व्हर्जन १ असेल तर २ करा. व्हर्जन १मध्ये ६४ बिटांचा काउंटर येतच नाही. मग वॅनसाठी ‘६४ बिट’ लिहिलेला इन-आउट बिट्सचा आलेख नव्याने बनवा. आधी खात्री करायची तर पायवरून एसएनएमपीवॉक या कमांडने १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६ मागून बघा, येणाऱ्या डेटाचा ६४ बिटांचा काउंटर तोच. आकडे आले की झालं. जुन्या आलेखातली माहिती दुरुस्त होत नाही, हातची गेली.

रीडिंग मिनिटावर आणूनही चालेल, छत ५७२वर जाईल. पण प्लॅन गिगाबिटचा केलात की पुन्हा इथेच धागा काढाल.

बारा_व्होल्ट

लॉगचं सांगतो. ओपनडब्ल्यूआरटी लॉग रॅममध्ये ठेवतं, वीज गेली की तो पुसला जाणारच. फ्लॅशवर लिहायच्या फंदात पडू नका, सतत लिहून ती झिजते. तारखेचं कारण असं की राउटरमध्ये घड्याळाचा सेल नसतो. बूट होताना तो ईटीसी फोल्डरमधल्या सगळ्यांत ताज्या फाइलची तारीख धरतो. म्हणजे तुम्ही गेल्या महिन्यात सेटिंग बदललंत. इंटरनेट लागून एनटीपीने वेळ मिळाली की तारीख सुधारते.

लॉग पायकडे पाठवा. सिस्टीम मेनूत पुन्हा सिस्टीम, तिथल्या लॉगिंग टॅबमध्ये पायचा आयपी, पोर्ट ५१४, यूडीपी. पायला राउटरच्या डीएचसीपीमध्ये (आयपी वाटणारा भाग) कायमचा आयपी बांधून द्या, नाहीतर लॉग भलतीकडेच जाईल. पायवरच्या डेबियन सिस्टीममध्ये १२व्या आवृत्तीपासून आरसिसलॉग हा लॉग स्वीकारणारा प्रोग्रॅम आपोआप येत नाही, ॲप्ट कमांडने टाका. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये यूडीपीच्या दोन ओळींपुढे हॅश आहे तो काढा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. टाइमझोन एशिया-कोलकाता ठेवा, नाहीतर सगळं साडेपाच तास मागे दिसेल.

आणि तापकीर गल्लीतून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस आणा. ओएनटी आणि राउटर दोन्ही अडॅप्टरवरचे अँपिअर वाचून बेरीज करून जा. दुकानदार ‘सगळ्याला चालतो’ म्हणेलच. मात्र पायला ५ व्होल्ट लागतात, त्याची सोय वेगळी.

कडीकुलूप

४४३ उघडू नका. उघडा ॲडमिन पोर्ट शोधणारे स्कॅनर दिवसरात्र फिरत असतात. वायरगार्ड हे व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा) लावा, बाहेरून फक्त यूडीपी ५१८२० आत येऊ द्या आणि ॲडमिन पान त्या बोगद्यातूनच बघा. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालवायची परवानगी नसते बऱ्याच ठिकाणी, फोनवरून बघा.

त्याआधी स्टेटस पानावरचा वॅन आयपी वाचा. १००.६४ ते १००.१२७ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला, बाहेरून काहीच आत येणार नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्यावा लागेल. १९२.१६८ने सुरू होत असेल तर ओएनटीच राउटरगिरी करतोय. कंपनीला फोन करून तो ब्रिज मोडवर (नुसता पूल, राउटरचं काम तुमच्या राउटरकडे) करून घ्या आणि त्याच कॉलवर पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लॉगिनचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक मागून घ्या. ब्रिज केल्यावर मागत बसलात तर तोवर घर ऑफलाइन.

एसएनएमपीचंही बघा. ओपनडब्ल्यूआरटीच्या एसएनएमपीडीत कम्युनिटी (पासवर्डसारखा शब्द) ‘पब्लिक’ आणि सोर्स (कोण विचारू शकतं) ‘डीफॉल्ट’, म्हणजे कुणीही, असतो. कम्युनिटी बदला, सोर्समध्ये फक्त पायचा आयपी टाका. व्हर्जन २मध्ये ती कम्युनिटी उघडीच जाते, म्हणून हा व्यवहार लॅनमध्येच राहू दे. एसएसएचलाही (दुरून कमांड द्यायची सोय) इंटरफेस लॅन निवडा.

ॲडमिनला मॅक ॲड्रेसचं (उपकरणाच्या नेटवर्क ओळख-क्रमांकाचं) बंधन घालू नका. हल्लीचे फोन मॅक बदलून जोडले जातात, मग रीसेटचं बटण दाबून सगळं पहिल्यापासून.

धायरीफाटा

६४ बिटांवर रेघ १८८वर गेली! पॅकेटमोजणी, मानलं. वॅन आयपी १००.७०ने सुरू होतोय, म्हणजे स्टॅटिक आयपी घेणं आलं. आता एकच: कोणता फोन किती डेटा खातो हे एनएलबीडब्ल्यूमॉन दाखवतं, पण त्याची बेरीज वॅनच्या निम्मीही भरत नाही.

पॅकेटमोजणी

नेटवर्क, फायरवॉल, तिथे हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग चालू असेल. मग पॅकेट चिपमधूनच परस्पर निघतात, मोजणाऱ्या प्रोग्रॅमला दिसतच नाहीत. सॉफ्टवेअर ऑफलोडिंगनेही हिशेब बिघडतो. दोन्ही बंद करा आणि स्पीड टेस्ट चालवून टॉप कमांडमध्ये सीपीयू बघा. २०० एमबीपीएस बहुतेक राउटर त्याशिवायही ओढतात. नाही ओढलं तर वेग हवा की हिशेब, ते ठरवा.