बॅटरीवर असताना प्रोसेसरचा वेग किमान पातळीवर बांधून ठेवावा का?

प्रश्न
माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा प्रोसेसर असून त्यावर लिनक्स आहे. गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग कसा बदलायचा ते ठरवणारे धोरण) ‘पॉवरसेव्ह’ असल्याचे दिसते. तरीही एखादे जड वेबपान उघडताच वेग ८०० मेगाहर्ट्झवरून थेट ४ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो आणि पंखा जोरात फिरू लागतो. बॅटरी जास्त वेळ पुरावी म्हणून कमाल वेग ८०० मेगाहर्ट्झवरच बांधून ठेवणे योग्य ठरेल का? त्यामुळे प्रोसेसरला काही अपाय होतो का?

उत्तर १
अपाय काहीही होत नाही, परंतु अपेक्षित फायदाही बहुधा मिळणार नाही. आपल्याकडे इंटेल पी-स्टेट हा प्रोसेसरचा वेग सांभाळणारा ड्रायव्हर चालू असावा. त्यातील ‘पॉवरसेव्ह’ वेग किमान पातळीवर धरून ठेवत नाही, तर कामाच्या भारानुसार कमी-जास्त करतो, त्यामुळे आपल्याला दिसते ते वर्तन नेहमीचेच आहे. शिवाय ८०० मेगाहर्ट्झवर तेच काम कितीतरी अधिक वेळ चालते आणि तेवढा सगळा वेळ स्क्रीन, मेमरी, वाय-फाय वीज घेतच राहतात. काम लवकर संपवून प्रोसेसरला गाढ निष्क्रिय अवस्थेत जाऊ देणे पुष्कळदा स्वस्त पडते.

उत्तर २
वरील मत बरोबर आहे, पण ते टर्बोला, म्हणजे मूळ वेगाच्याही वर तात्पुरते चढण्याच्या सोयीला, लागू करू नये. प्रोसेसर काम करताना खर्च होणारी वीज साधारणपणे वेग आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी उतरले, तर वीजवापर जवळपास निम्म्यावर येतो. कामाला सव्वापट वेळ लागला तरी त्या कामापुरती प्रोसेसरची एकूण ऊर्जा सुमारे ६४ टक्केच लागते. टर्बोच्या वरच्या टप्प्यात थोड्या जादा वेगासाठी व्होल्टेज बरेच वाढवावे लागते, म्हणून तिथे कपात केल्यास खरा लाभ होतो. याउलट व्होल्टेज एकदा तळाला टेकले की त्याखाली वेग कितीही कमी केला तरी काम फक्त लांबत जाते. माझा स्पष्ट सल्ला असा, की बॅटरीवर असताना टर्बो बंद ठेवावा आणि मूळ वेगापर्यंतची मोकळीक प्रोसेसरला द्यावी. विंडोज वापरणारे बरेच जण प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के ठेवतात, त्यामागचा हेतूही टर्बो थांबवण्याचाच असतो.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. टर्बो बंद केल्यावर पंखा शांत झाला आणि ब्राउझरच्या वेगात जाणवण्याजोगा फरक पडला नाही. मात्र चार्जर लावून काढला की टर्बो पुन्हा सुरू झालेला आढळतो. वीज वाचवण्याच्या सेटिंग्ज आपोआप लावणारे टीएलपी हे साधन मी स्वतः बसवले आहे.

उत्तर ३
पॉवर-प्रोफाइल्स-डीमन हे वीजवापराचे प्रोफाइल सांभाळणारे साधनही सोबत चालू आहे का, ते आधी पाहावे, कारण अनेक लिनक्स वितरणांत ते सुरुवातीपासूनच असते. ही दोन्ही साधने त्याच सेटिंगवर हक्क सांगतात आणि एकाने केलेला बदल दुसरे पुसून टाकू शकते, तेव्हा त्यांपैकी एकच ठेवावे. टीएलपी ठेवणार असाल, तर टर्बोची निवड त्याच्याच कॉन्फिग फाइलमध्ये बॅटरीसाठी आणि चार्जरसाठी वेगवेगळी नोंदवावी. हाताने केलेला बदल लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर तसाही टिकत नाही. परिणाम तपासताना मेगाहर्ट्झच्या आकड्यांकडे न पाहता, स्क्रीनचा प्रकाश तोच ठेवून, पॉवरटॉप या वीजवापर दाखवणाऱ्या साधनामध्ये बॅटरीतून किती वॅट खर्च होत आहेत ते पाहावे.