हिरव्या मुनियेसाठी घाणेरी राखायची का?

रानवाटा:
गेल्या हिवाळ्यात माउंट अबूला खास हिरव्या मुनियेसाठी गेलो होतो. ओरिया गावाजवळ एका बांधावर घाणेरीचं, म्हणजे लँटानाच्या झुडपांचं, दाट गचपण होतं. त्यातून आधी बारीक चिवचिव आली, मग लालचुटूक चोच दिसली. हिरवी पाठ, पिवळं पोट, कुशीवर काळे-पांढरे पट्टे. आठ-दहा जणींचा थवा खाली उतरून गवताचं बी टिपू लागला. रस्त्यावर मोटारसायकल वाजली आणि सगळ्या क्षणात परत घाणेरीत.

हा पक्षी फक्त आपल्या देशातला, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत ‘असुरक्षित’. हल्ली जंगल सुधारायचं म्हटलं की सगळे आधी घाणेरी उपटायला धावतात. माझं स्पष्ट मत आहे, अबूत जिथे ही मुनिया आहे तिथल्या घाणेरीला कोयता लावू नये.

गवतकाडी:
दादा, निरीक्षण पटलं, निष्कर्ष नाही. घाणेरी मूळची अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी आणली आणि तिथून देशभर माजली. मुनिया त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. तेव्हा ती करवंदीच्या जाळ्यांत, उंच गवतात लपतच होती ना? दाट घाणेरीखाली गवत तग धरत नाही आणि मुनियेचं पोट गवताच्या बियांवर. तुम्ही तिचं घर राखताय, पण दाणा? शिवाय उन्हाळ्यात वाळलेली घाणेरी वणव्याला आयतं सरपण.

रानवाटा:
करवंदीची जाळी तेवढी दाट व्हायला किती वर्षं लागतील, ताई? तोवर त्या थव्याने शिक्रा आला की कुठे शिरायचं?

बांधावरचा:
मी शेतकरी. आमच्या उसात ठिपकेवाल्या मुनिया दरवर्षी असतात. तोडणीला फड एका दिवसात उघडा पडतो, पाचट पेटवलं की उरलंसुरलंही जातं. हिरवी मुनियासुद्धा उसात घरटं करते, म्हणून सांगतो. पाखराला गचपण कुठल्या झाडाचं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. ते एका दिवसात नाहीसं होऊ नये, एवढंच त्याला हवं असतं. मी रानवाटांच्या बाजूने.

पिंजरामुक्त:
तुम्ही सगळे झाडावर भांडताय, हा पक्षी जाळ्यात गेलाय! एकोणिसाव्या शतकापासून पिंजऱ्यासाठी परदेशी पाठवला गेला. वन्यजीव कायदा 1972 चा, देशी पक्ष्यांच्या व्यापारावर 1991 पासून बंदी, तरी चोरून विक्री चालूच राहिली. लहानपणी बाजारात रंग फासलेल्या मुनिया मी पाहिल्यात. वितभर पिंजऱ्यात वीस-पंचवीस, एकमेकींच्या अंगावर, ओल्या रंगाने पिसं चिकटलेली. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. रानवाटा, धाग्यातून गावाचं नाव काढा, कळकळीची विनंती.

रानवाटा:
गावाचं नाव पक्षीनिरीक्षकांना वर्षानुवर्षं माहीत आहे. पण बांधाचा फोटो टाकणार होतो, तो टाकत नाही.

गवतकाडी:
हे बरं केलंत. पण घाणेरीवर मी मागे हटणार नाही. सरसकट उपटा असं मीही म्हणत नाही. वीण संपल्यावर एका पट्ट्यातली मुळासकट काढायची, तिथे करवंद लावायची, गवत येऊ द्यायचं, गुरं लांब ठेवायची. पक्षी त्या पट्ट्यात दाणे टिपायला उतरू लागले, की मगच दुसरा पट्टा. आणि ज्या गचपणात घरटी आहेत ते सगळ्यात शेवटी.

रानवाटा:
शेवटचं वाक्य असेल तर माझा विरोध निम्मा कमी. निम्मा राहणार, कारण असं काम कागदावर पट्ट्यापट्ट्याने आणि प्रत्यक्षात ठेकेदाराच्या सोयीने होताना पाहिलंय. फेब्रुवारीत पुन्हा जातोय. त्या बांधावर घाणेरीच्या बुडाशी गवत उरलंय का, ते गुडघे टेकून बघतो आणि इथेच लिहितो.