मदत हवी आहे: शाळेची संस्कृती मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका अनुदानित शाळेत शिकवते, सोबत एम.एड. सुरू आहे. लघुप्रबंधाचा विषय घेतलाय 'शाळेची संघटनात्मक संस्कृती आणि दहावीचा निकाल'. घेतला खरा, आता निस्तरतेय!

विषय सुचला तो आमच्या स्टाफरूममुळे. आधीच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की गणिताच्या मॅडम हमखास विचारायच्या, "तुमच्या वर्गातली ती मागच्या बाकावरची पोरगी आज आली का?" इथे डबे उघडतात आणि विषय एकच, वेतनश्रेणी. पोरं दोन्हीकडे सारख्याच घरांतली.

हॅल्पिन आणि क्रॉफ्ट या अमेरिकन संशोधकांची 1963 ची 64 विधानांची प्रश्नावली सापडली. पण ती वातावरण मोजते, म्हणजे शिक्षकांना शाळेत रोज काय जाणवतं ते; संस्कृती नाही. संघटनांच्या संस्कृतीचे अभ्यासक एडगर शाईन तर म्हणतात, संस्कृतीचा गाभा म्हणजे माणसं न बोलता धरून चालतात ती गृहीतकं. भिंतीवरचे सुविचार हा फक्त वरचा थर. मग ती टिकमार्क करून कशी कळणार?

दुसरी अडचण आकड्यांची. दहा शाळांतले 150 शिक्षक घेतले, तरी निकाल शाळेचा, म्हणजे नमुना दहाचाच ना? मार्गदर्शक सर म्हणतात, "चालतं." मला पटत नाही. शिवाय चांगल्या निकालामुळेच वातावरण खेळीमेळीचं होत असेल तर?

कोणी मुलाखती आणि निरीक्षणावर असं काम केलंय का? मराठीत वापरलेली प्रश्नावली असेल तर प्लीज सांगा. आराखडा दिवाळीआधी द्यायचाय.