युनिट, एकक की परिमाण? आणि ब्रासचं काय करायचं?

जुळे सोलापुरातल्या १२ फ्लॅटच्या इमारतीसाठी हरित इमारत प्रमाणपत्राची कागदपत्रं तयार करतेय. मूळ तक्ते इंग्रजीत. साइट सुपरवायझर आणि सभासदांसाठी मराठी प्रत मी करते. पहिल्याच पानावर ‘युनिट’ तीन अर्थांनी आलंय. १२ युनिट म्हणजे फ्लॅट, वर्षाला ३०,००० युनिट म्हणजे वीज, आणि रकान्याच्या डोक्यावरचं ‘युनिट’ म्हणजे माप. शाळेत ‘एकक’ शिकलो, काही जण ‘परिमाण’ म्हणतात. कागदावर कोणता शब्द ठेवावा?

———

ताई, ‘एकक’च ठेवा. ‘परिमाण’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात ‘किती’ येतं, ‘कशात’ येत नाही. ‘युनिट’ फक्त विजेसाठी राहू द्या. बिलावर तोच शब्द असतो आणि १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास हे पक्कं आहे. फ्लॅटला सरळ सदनिका म्हणा.

खरी काळजी ‘ब्रास’ची घ्या. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. पण फरशी आणि प्लास्टरवाले १०० चौरस फुटांनाही ब्रासच म्हणतात. मागे आमच्याकडे फरशीच्या ब्रासचे कुणीतरी घनमीटर करून ठेवले होते, सादर करायच्या आदल्या रात्री लक्षात आलं. तोंडी बोलताना ब्रास म्हणा, त्यात काही वावगं नाही, गवंड्याशी दुसरं काय बोलणार? तक्त्यात मात्र घनमीटर किंवा चौरस मीटर.

———

‘टन’ राहिला. सिमेंटचा टन १,००० किलोचा. एसीचा टन हे वजनच नाही: २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो वेग. १ टन म्हणजे साधारण ३.५२ किलोवॅट थंडावा. एसी वीज किती ओढतो तेही किलोवॅटमध्येच असतं, म्हणून रकान्यात ‘थंडावा’ की ‘वीज’ हे लिहायलाच हवं.

पावसाच्या पाण्याच्या हिशेबात तर मीटर सोडूच नका. १ चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर. आपल्याकडे पाऊस मुळातच कमी, तिथे हा हिशेब प्रत्येक सभासदाला तोंडी करता आला पाहिजे. चौरस फुटात तो कुणाला जमेल?

———

दोघांचेही आभार. एकक, सदनिका, घनमीटर ठरलं. क्षेत्रफळही सगळीकडे चौरस मीटरमध्येच घेते. आमचं १,२०० चौरस मीटर, म्हणजे वापर चौरस मीटरला २५ युनिट येतो. तोच भागाकार चौरस फुटांनी केला की २.३. शेजारी एकक नसेल तर वाचणाऱ्याला वाटायचं, इमारत वीज वापरतच नाही.

एकच अडतंय. ‘प्रति चौरस मीटर प्रति वर्ष’ हे सुपरवायझरना मोठ्यानं वाचून दाखवलं, तर ते दोनदा अडखळले. ‘वर्षाला दर चौरस मीटरमागे २५ युनिट’ असं लिहिलं तर चालेल ना?

———

चालेल. पण ‘वर्षाला’ आधी, जसं लिहिलंय तसंच. मागे नेलंत तर ते चौरस मीटरला चिकटतं.