आधी गिअर, मग इंजिन
दगड चढायच्या स्पर्धेसाठी मारुती जिप्सीत सगळ्यात आधी मोठं इंजिन बसवणार असं तुम्ही वर लिहिलंयत, तिथे जरा थांबा. दगड चढायला वेग नको, संथपणा हवा. समजा पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) लो म्हणजे संथ गिअरचं २.५, डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) ५, तर गुणाकार ५०. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन ५० वेळा फिरतं. स्पर्धेच्या गाडीला मी १००च्या आसपास धरेन.

आणि लॉकर, म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारं कुलूप, दोन्ही ॲक्सलना. ते नसलं की ताकद हवेतल्या चाकातच वाया जाते. गेल्या पावसात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शेवाळलेल्या जांभ्यावर माझं पुढचं एक नि मागचं एक चाक हवेत गरगरत होतं, जमिनीवरची दोन्ही ढिम्म! (काजूखाली उभं राहून एक काका हसत होते, ते जास्त लागलं.) पण लॉकर आणि मोठे टायर एकत्र आले की जुने ॲक्सल शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) तुटू शकतात. तुम्ही टायर किती इंची धरलेत?