फुकटचं जळण दिसलं की उचलायचंच का?

पाचर :
काल इथे कुणीतरी लिहिलं, "कापून टाकलेलं लाकूड दिसलं की गाडीत भरा, झाड कुठलं ते नंतर बघू, लाकूड म्हणजे लाकूड, सगळं जळतंच." खाली ढीगभर अंगठे. डोकंच फिरलं म्हणून लिहितोय. सगळं जळतं मान्य, चप्पलसुद्धा जळते. अहो पानं नसली तरी साल असते, कापल्या तोंडाचा रंग असतो, वास असतो, चीक असतो. निलगिरी वासावरच कळते. बाभळीची साल काळपट, उभ्या भेगांची, गाभा तांबूस आणि ओंडका उचलतानाच कळतं काय ऐवज आहे ते. शेवगा नि पांगारा दिसायला भला मोठा ढीग, वाळला की वजनच नाही. कण्हेरीला तर हात लावू नका, धूरही विषारी. बिब्ब्याचा चीक अंगावर फोड आणतो. आणि हिरवट झाक मारणाऱ्या जुन्या फळ्या, खांब, त्यांना वाळवी लागू नये म्हणून तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं औषध पाजलेलं असू शकतं, जाळलं की आर्सेनिक धुरात आणि उरलेलं राखेत. ओळखता येत नसेल तर सोडून द्या, एवढंच.

निवांत :
ते "कुणीतरी" मीच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. नीट वाळलेलं असेल तर किलोमागे उष्णता जवळपास सारखीच मिळते, झाड कुठलंही असो. फरक फक्त घनतेचा. हलकं निघालं तर दोन ओंडके जास्त घाला, फुकटच तर आहे. तुम्ही साली हुंगत बसा तोवर माझं वर्षाचं जळण रचून होतं. आणि कण्हेरीचे ओंडके कोण गाडीत भरतं हो, झुडूप आहे ते.

काजळी :
किलोचा हिशोब बरोबर, पण ते किलो वाहायचे कुणी, फोडायचे कुणी, ठेवायचे कुठे? चिंच फोडून बघा, रेषा अशा एकमेकीत गुंतलेल्या की पाचर आत जाऊन बसते ती निघत नाही. निलगिरी ओली असताना फटाफट फुटते, वाळली की घाम काढते. आणि घराजवळचं झाड असेल तर खिळे! कधीतरी कुणी दोरी बांधायला ठोकलेला, झाडाने गिळलेला. माझ्या चेनसॉची कोरी चेन एका खिळ्याने गेली. कापल्या तोंडावर निळाकाळा डाग दिसला तर आत लोखंड असल्याचा संशय घ्यायचा. "फुकट, घेऊन जा" म्हणणाऱ्याला तो पसारा हलवायचा खर्च वाचवायचा असतो, आपण बिनपगारी हमाल.

भुसा :
पॅलेटचं, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटींचं, कुणीच बोलत नाही. शिक्का बघा, एचटी म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, कीड मारायचा विषारी वायू दिलेलं, तिकडे फिरकू नका. शिक्काच नसेल किंवा वर तेलाबिलाचे डाग असतील तरी नको.

उलटतपासणी :
निवांत, "नीट वाळलेलं" हे ठरवलं कसं? ओलावा मोजायचा मीटर आहे का? ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा.

काजळी :
मीटर कशाला, दोन ढलप्या एकमेकीवर आपटा. खणखणीत वाजल्या तर वाळल्या, भद्द वाजल्या तर ओल्या.

उलटतपासणी :
खणखणीत म्हणजे किती टक्के?

निवांत :
मीटरवाल्यांचं कौतुक नको. माझ्याकडेही आहे. बाहेरून टोचला तर 14, तोच ओंडका फोडून आत टोचला तर 30. कशावर विश्वास ठेवायचा?

उलटतपासणी :
30 वर! मीटर चुकत नाही, टोचणारा चुकतो. ढलपी ताजी फोडायची आणि आतल्या तोंडावर रेषेच्या दिशेने टोचायचं. बाहेरून टोचून फोटो टाकणाऱ्यांनी वात आणलाय.

काजळी :
टोचणारा चुकतो म्हणे. आमच्या काकांनी असंच "बाहेरून वाळलेलं" जाळलं, अर्धी आग पाणी उकळण्यातच खर्ची, धूर थंड, धुराड्यात डांबरासारखा थर, एका रात्री तोच पेटला. छताला झळ लागली. काकांना टक्केवारी विचारायला जाऊ का?

उलटतपासणी :
काकांचं वाईट वाटलं, पण मीटर असता तर हे झालं नसतं, हेच तर सांगतोय.

भुसा :
भांडू नका. एका ढलपीवर खूण करा, दर आठवड्याला वजन करा. उतरायचं थांबलं की त्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. मात्र आडोशाला ठेवा आणि खालून हवा खेळू द्या, ताडपत्रीत गुंडाळून ठेवणाऱ्यांना माझा दंडवत.

ढोली :
सगळे टक्के मोजताय, लाकूड कुणाचं ते विचारलं का कुणी? रानात पडलेला खोडका म्हणजे बेवारस माल नव्हे, त्यात भुंगेरे असतात, सरडे असतात. शिवाय लांबून आणलेल्या लाकडातून किडी नव्या भागात पोचतात आणि तिथली झाडं खातात.

निवांत :
झालं! सरड्यांची परवानगी राहिलीच होती. मी काय जंगल उपसत नाही, तोडून टाकलेलंच आणतो, मालकाला विचारून. बरं, हिरव्या फळ्यांचं मला माहीत नव्हतं, त्या काढून टाकतो. पण चिंच सोडणार नाही, यंत्राने फोडीन.

पाचर :
फोडा की, यंत्राचं भाडं धरून ती किती फुकट पडली तेही कळवा. वाटेत सुरूचं लाकूड दिसलं तर मात्र विचार करू नका, ते ओलंसुद्धा बरं जळतं.

उलटतपासणी :
ओलं म्हणजे किती टक्के?