टॉम क्रूझ या वेळी मुंबईला आलाच नाही. आणि मेकिंग आधी बघू की नंतर?

पोळीवाली_लालबाग (सोमवार, १९ मे २०२५)

नमस्कार मंडळी. 'मिशन इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग' शनिवारी, १७ तारखेला, आपल्याकडे लागला. अमेरिकेत २३ ला लागणार, म्हणजे आपण त्यांच्या सहा दिवस पुढे. मी अजून पाहिलेला नाही. माझं लालबागला पोळी-भाजी केंद्र आहे आणि शनिवार-रविवार लग्नाच्या ऑर्डरी होत्या. एकाच घरच्या चारशे पोळ्या. मनगट अजून ठणकतंय, टायपायला चुकले तर सांभाळून घ्या.

टॉमची नि माझी ओळख १९९६ पासूनची. पहिला भाग फोर्टात पाहिला, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर. बाल्कनी परवडत नव्हती म्हणून अगदी पुढे, मान वर करून. तो छतातून दोरीला लटकत खाली येतो आणि घामाचा थेंब जमिनीवर पडू नये म्हणून हातात झेलतो, त्या वेळी अख्ख्या थेटरात कुणी वेफर्सची पिशवीसुद्धा फोडली नव्हती. तिथून जी लागण झाली ती झाली.

२०११ च्या डिसेंबरात 'घोस्ट प्रोटोकॉल'च्या, म्हणजे चौथ्या भागाच्या वेळी तो मुंबईत आला होता, आठवतंय का कुणाला? सोबत अनिल कपूर. वडाळ्याच्या आयमॅक्सला चाहत्यांसाठी खेळ ठेवला होता. आमच्याकडे पास कुठला? मी आणि माझा धाकटा भाऊ बाहेर बॅरिकेडला टेकून दोन तास उभे. मला काय दिसलं सांगू? एक हात. गर्दीच्या डोक्यांवर वर आलेला एक हात. तो टॉमचाच होता असं मी आजही छातीठोक सांगते, भाऊ म्हणतो पोलिसाचा होता. शेजारचा एक गृहस्थ तासभर धक्के खाऊन शेवटी मलाच विचारतो, "कोण आलंय हो?"

या वेळी साहेब टोकियोला गेले, सेऊलला गेले, लंडनला आयमॅक्सच्या चक्क छतावर जाऊन उभे राहिले, कान महोत्सवात टाळ्या घेतल्या. मुंबईला नाही. याचा थोडा राग आहे, पण प्रश्न तो नाही.

प्रश्न असा आहे. मागच्या भागाच्या वेळी, डिसेंबर २०२२ मध्ये, त्या मोटरसायकलच्या उडीचं मेकिंग, म्हणजे शूटिंग कसं केलं त्याचा व्हिडिओ, आधीच दाखवलं होतं. नॉर्वेतला कडा, त्यावर बांधलेला रॅम्प, एका दिवसात सहा उड्या. सरावाला विमानातून पाचशेच्या वर आणि मोटरसायकलवरून तेरा हजार. मी तो व्हिडिओ तव्यासमोर मोबाइल टेकवून किती वेळा पाहिला असेल! मग जुलै २०२३ मध्ये थेटरात बसले. तो कड्यावरून सुटला, आणि माझ्या मनात काय यावं? "अरे, इथे रॅम्प होता ना? पुसला वाटतं." संपलं. सात महिने वाट बघितलेली उडी अशी फुकट गेली.

गिऱ्हाइकाला मी आत नेऊन कणीक तिंबताना दाखवली, तर तो पोळी खाताना माझ्या मनगटाकडेच बघत बसेल. तसं झालं माझं.

तर या वेळी तो विमानाला लोंबकळतो त्याचं मेकिंग मी अजून एकदाही उघडलेलं नाही. भाचा रोज पाठवतो, मी रोज न बघता पुसते. मी करतेय ते बरोबर आहे का? की आधी बघून जावं? आणि जाता जाता हेही सांगा, चर्चगेटचं इरॉस की वडाळ्याचं आयमॅक्स? मला चारनंतरच मोकळीक मिळते.

---

भक्तीपार्क_३०२

काकू, वडाळा तुम्हाला सोपं. मिंट कॉलनीला मोनोरेलमध्ये बसा, भक्ती पार्कला उतरा. फक्त शो रात्री उशिरा सुटला तर परतीची गाडी मिळेल का ते आधी बघून ठेवा. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा आहे, वर मध्यंतर.

पण मन इरॉसकडे ओढत असेल तर तिथेच जा. १९३८ चं थेटर, मधली कित्येक वर्षं बंद, गेल्या वर्षी फेब्रुवारीत आयमॅक्स होऊन उघडलं. पडदा एकच. चर्चगेटला उतरलं की समोर. बाहेरून ती लाल-पिवळी गोलाई बघितली तरी तिकिटाचे थोडे पैसे वसूल होतात.

मेकिंगबद्दल माझं मत नाही. मी ट्रेलरसुद्धा बघत नाही, डोळे मिटून घेतो. बायको हसते.

---

पोळीवाली_लालबाग

काकू नको रे, ताई म्हण. माहितीबद्दल आभार. डोळे मिटून घेण्याचं आवडलं, पण कान?

---

भक्तीपार्क_३०२

"ला ला ला" म्हणतो. म्हणूनच हसते ती.

---

जंकेटग्रस्त

सिनेमाच्या प्रसिद्धीत सतरा वर्षं घातली आहेत म्हणून 'मुंबईला का नाही'चं उत्तर देतो.

दौरा, आमच्या भाषेत जंकेट, म्हणजे लोकांना वाटतं फिरायला आलाय. प्रत्यक्षात एक हॉटेल, एक खोली, मागे पोस्टर, दोन खुर्च्या. पत्रकार बाहेर रांगेत, एकेकाला चार-पाच मिनिटं, दारात घड्याळ घेऊन उभा असलेला माझ्यासारखा इसम. एकच प्रश्न दिवसात तीसदा. तिसाव्या वेळीही पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसायचं, हीच खरी कसरत. टॉम क्रूझ त्यात वस्ताद आहे. रेड कार्पेटवर तो तासन् तास चाहत्यांत रमतो, सह्या करतो, आणि त्याच्या टीमला पुढच्या कार्यक्रमाची काळजी लागते.

शहरं निवडतात ती हिशेबानं. कोरियात त्याचे सिनेमे तुफान चालतात, म्हणून या महिन्यात तो तिथे बाराव्यांदा गेला. बाराव्यांदा! जपानचंही तसंच. आपल्याकडे इंग्रजी सिनेमा चालतो, नाही असं नाही, पण आपल्याला तो सहा दिवस आधी देऊन भागवता येतं. माणूस न पाठवता तारीख पाठवली, असं समजा. स्वस्तात काम.

मराठी सिनेमाचा दौरा मी केलाय. 'चला हवा येऊ द्या'चा सेट, दोन रेडिओ स्टेशनं, ठाण्यातला एक मॉल, पुण्यात एक कॉलेज, आणि परतताना एक्स्प्रेस वेवर वडापाव. नायिकेला गाडी लागली होती. त्यालाही दौराच म्हणतात.

---

सायडिंगला_उभा

ट्रेलरमध्येच सगळं दाखवतात हल्ली. थेटरात फक्त पॉपकॉर्न नवीन असतो.

---

केबलवाला_गोरेगाव

ताई, तुमच्या प्रश्नावर मला बोलायलाच हवं. पंचवीस वर्षं मी केबल ओढतोय. फिल्मसिटीत हिरो हवेत उडतो ना, तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाला आम्ही सात-आठ जण असतो. फाइट मास्टर 'ॲक्शन' म्हणाला की दोर धरून उलट्या दिशेने पळायचं. हिरो वर जातो, आम्ही चिखलात जातो.

तुम्ही म्हणालात रॅम्प पुसला. पुसणं म्हणजे फसवणूक, असं सगळ्यांना वाटतं. आमच्या बाजूने ऐका. मी लागलो तेव्हा पुसायची सोय महाग होती. म्हणून तार बारीक लागायची, काळी, कॅमेऱ्यात न दिसणारी. बारीक तार म्हणजे तुटणारी तार. खाली काय? गाद्या आणि पुठ्ठ्याचे खोके, एकावर एक रचलेले. आता कॉम्प्युटरवर पुसून टाकतात, त्यामुळे जाडजूड दोर लावता येतो, हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा पट्टा, कपड्यांवरून दिसला तरी चालतो. ज्या दिवशी पुसायला यायला लागलं त्या दिवसापासून आमच्यातली माणसं कमी मोडायला लागली. बुर्ज खलिफावर टॉम लटकला तेव्हाही त्याला केबल होत्याच, नंतर पुसल्या. म्हणून लटकणं खोटं झालं का? माणूस होता तिथेच होता.

२०१७ ला लंडनमध्ये एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारताना त्याचा घोटा मोडला. तोच शॉट सिनेमात ठेवलाय, तो लंगडत फ्रेमच्या बाहेर जातो बघा. शूटिंग कित्येक आठवडे थांबलं. आपल्याकडे हिरो पडला तर शूटिंग थांबतं. डुप्लिकेट पडला तर मास्टर विचारतो, "शॉट मिळाला का?" एका सेटवर माझा मित्र दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खोक्यांच्या बाहेर पडला. बरगड्या. त्या दिवशीचा पगार मिळाला, पुढच्या दोन महिन्यांचा कोण देणार? नाव घेत नाही, उपयोग नाही. अक्षय कुमारने पुढाकार घेऊन फायटर लोकांचा विमा केला तेव्हा जरा धीर आला, तोवर नुसतं देवावर.

म्हणून माझं मत, आधीच बघा. सिनेमात आमचं नाव शेवटी येतं, आणि तोवर तुम्ही लोक दिवे लागायच्या आत पार्किंगकडे पळालेले असता. मेकिंगमध्ये निदान दोर धरणारा हात दिसतो.

---

पोळीवाली_लालबाग

दादा, वाचून गप्प झाले. मी लोकलने येणारी बाई, मला पार्किंग नाही. नावं संपेपर्यंत बसते, थेटरवाला झाडू घेऊन आला तरी.

तुमचं पटलं. पण तरी आधी बघणार नाही. नंतर बघते, चालेल का? पोळी खाऊन झाल्यावर आत येऊन कणीक बघितली तर मला राग नाही.

---

केबलवाला_गोरेगाव

चालेल. पण बघा मात्र.

---

परळगाव_१९४१

मुलांनो, हे सगळं तुम्ही परळ-लालबागच्या बाईला सांगताय म्हणून हसू आलं. स्टंट सिनेमाचं माहेर तिच्याच दारात होतं. परळला वाडिया मूव्हिटोन स्टुडिओ होता. 'हंटरवाली' १९३५ ची. त्यातली नायिका नादिया चाबूक घेऊन यायची, धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करायची, आणि ती स्वतःच करायची. माझ्या वडिलांनी गिरणीची पाळी संपवून ते सिनेमे पाहिलेले. ते तिचं नाव घ्यायचे नाहीत, "ती चाबूकवाली" म्हणायचे, आणि आई ऐकत नाही ना ते बघायचे. पुढे त्याच जागेत व्ही. शांतारामबापूंचा राजकमल स्टुडिओ आला.

बापूंचंही सांगतो. 'दो आँखें बारह हाथ'मध्ये बैलाशी झुंज आहे. डुप्लिकेट घेतला नाही, स्वतः उतरले. डोळ्यांना इजा झाली, डोळे बांधून पडून राहावं लागलं. त्या अंधारातून पुढे 'नवरंग' सुचला. त्या बैलाचं मेकिंग कुणी काढलं नव्हतं. आम्हाला नंतर कळलं, मग पुन्हा जाऊन पाहिला, आणि दुसऱ्या खेपेला जास्त घाबरलो. माहीत असल्याने मजा जाते हे मला मान्य नाही. कधी जाते, कधी वाढते.

---

पोळीवाली_लालबाग (बुधवार, २१ मे)

काल जाऊन आले. इरॉस. साडेतीनला शेवटचा डबा दिला, करी रोडच्या पुलावरून लोअर परळला चालत, स्लो पकडली. बरोबर तोच भाऊ, पोलिसाच्या हाताचा.

(ज्यांनी पाहिला नाही त्यांनी खालचं वाचू नका.)

पहिला तास नुसतं बोलणं आहे. एक माणूस वाक्य सुरू करतो, दुसरा संपवतो, मध्ये जुन्या सिनेमांचे तुकडे. भाऊ एक डुलकी काढून आला. मला राग यायला लागला होता.

विमानाबद्दल आधी सांगते. मेकिंग पाहिलं नव्हतं, तरी मेला पोस्टर तर पाहिलाच होता! हिंदमाताच्या पुलाजवळ, रिक्षाच्या मागे, भाच्याच्या डीपीवर. तो पंखाला लोंबकळणार हे मला ठाऊकच होतं. तरी चेहऱ्याचं मांस वाऱ्याने मागे ओढलं जातं ते बघताना माझी बोटं खुर्चीत रुतली. ते कुणी ठरवून करू शकत नाही. पण धक्का बसला नाही, हे खरं. नुसती धास्ती.

धक्का बसला तो पाणबुडीत. समुद्राच्या तळाशी बुडालेली पाणबुडी, तो एकटा आत शिरतो आणि ती कलंडायला लागते. कितीतरी वेळ एक शब्द नाही. आत पाणी, टॉर्पेडो सुटून घरंगळतायत, आणि थेटरात फक्त एसीचा आवाज. मला वाटतं १९९६ नंतर पहिल्यांदा मी वेफर्सची पिशवी हातात धरून तशीच बसले. सगळ्या पोस्टरांवर विमान, आणि माझा जीव गेला तो पाण्यात.

आणि तो डनलो! पहिल्या भागात ज्याच्या खोलीत टॉम दोरीने उतरला आणि ज्याला बिचाऱ्याला शिक्षा म्हणून अलास्काला धाडलं, तो माणूस परत आलाय. तोच नट, केस पांढरे. मी मोठ्याने "अगंबाई" म्हणाले. पुढच्या रांगेतला मुलगा वळून बघायला लागला, त्याचा तेव्हा जन्मही नसेल. एवढी वर्षं मी त्या माणसाचा एकदाही विचार केला नव्हता. टॉमने केला होता म्हणायचं.

जंकेटवाले दादा, मुंबईला न आल्याचा राग गेलेला नाही. २०११ च्या सिनेमातली मुंबईसुद्धा बरीचशी व्हँकुव्हर आणि बंगळूरला उभी केलेली होती, म्हणजे आपण तेव्हाही फसलोच. एकदा तरी खरा यावा.

केबलवाले दादा, शेवटपर्यंत बसले. स्टंटवाल्यांची नावं येतात, येतच राहतात. भाऊ म्हणाला चल, गाडी जाईल. म्हटलं बस. मराठी आडनाव एकही दिसलं नाही, पण शोधलं.

आणि आज सकाळी शब्द पाळला. तवा तापत ठेवून विमानाचं मेकिंग लावलं. दोर धरणारा हात दिसला. त्या नादात दोन पोळ्या करपल्या, त्या कुणाच्या डब्यात घातल्या नाहीत, मीच खाल्ल्या.